पिंगयाव: हुंडीच्या गांवीं पाहुणा



परदेशीं निघालेल्या माणसाला आपल्याकडे उपदेशाची वानवा नसते. सामान किती न्यावें, पैसे कोठें ठेवावे, पाणी कोणतें प्यावें, हें सांगणारे दहाजण आपण होऊन भेटतात. परंतु ज्यांच्या दाराशीं आपण जाऊन उभे राहणार, त्या माणसांशीं कसें वागावें हें सांगणारा विरळाच. चीन देशाच्या बाबतींत ही उणीव अधिक जाणवते. २०२० सालीं बंद पडलेली भारत आणि चीन यांमधील थेट विमानवाहतूक २०२५ च्या अखेरीस पुन्हां सुरू झाली. मधल्या काळांत दोन्हीकडच्या सामान्य माणसांची गांठभेट जवळजवळ तुटलीच होती. आतां जो कोणी तिकडे जाईल, तो तेथल्या पुष्कळांना कित्येक वर्षांनीं दिसलेला पहिलाच भारतीय असेल. आणि त्याच्यावरूनच ते आपणां सर्वांची परीक्षा करतील. म्हणून आज साऱ्या चीनविषयीं न बोलतां मी एकाच जुन्या गांवाविषयीं बोलणार आहें.

त्या गांवाचें नांव पिंगयाव. उत्तर चीनमधील शान्शी प्रांतांत, पिवळ्या मातीच्या मुलुखांत तें वसलेलें आहे. गांवाभोंवतीं १३७० सालीं, मिंग राजवटीच्या आरंभीं, बांधलेला तट आहे. घेर सुमारें सहा किलोमीटर, उंची दहा ते बारा मीटर. दरवाजे सहा. दक्षिणेचा दरवाजा हें डोकें, उत्तरेचा तें शेपूट, आणि पूर्व-पश्चिमेचे चार ते पाय, असें कल्पून गांवकरी आपल्या गांवाला कासव म्हणतात. तटावर ७२ बुरूज आणि ३००० चर्या आहेत, ती कन्फ्यूशियसच्या ७२ पट्टशिष्यांची आणि ३००० शिष्यांची आठवण, असें सांगतात. तटाच्या आंत जवळजवळ चार हजार जुनीं चौकाचीं घरें आहेत. १९९७ सालीं युनेस्कोनें या गांवाला जागतिक वारशाच्या यादींत घेतलें.

पण तटापेक्षां मला या गांवाची दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. हें हुंडीचें गांव आहे. १८२३ च्या सुमारास येथील पश्चिम रस्त्यावर 'रिषंगछांग' नांवाची पेढी निघाली. मूळ दुकान रंगाचें. त्याचा व्यापार दूरदूरच्या शहरांशीं चाले. चांदी एका शहरांतून दुसऱ्या शहरांत न्यावयाची म्हणजे गाड्या आल्या, हत्यारबंद रखवालदार आले, आणि वाटमाऱ्यांची धास्ती तर होतीच. त्याऐवजीं एका शहरांत चांदी भरावी, कागद घ्यावा, आणि दुसऱ्या शहरांत तो कागद दाखवून चांदी उचलावी, ही सोय या पेढीनें सर्वांस खुली केली. दर्शनी आणि मुदती हुंडी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या आपल्या लोकांना यांत नवल वाटणार नाहीं. चीनमध्यें मात्र हा धंदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथम याच गांवानें चालविला, आणि एकोणिसाव्या शतकांत त्या अफाट देशाच्या पैशाची नाडी या लहानशा तटाच्या आंत वाहत होती. खोट्या कागदाला जागा राहूं नये म्हणून रक्कम आणि तारीख उघड न लिहितां, ठरलेल्या पद्यांतलीं अक्षरें अंकांच्या जागीं लिहीत, आणि तीं पद्यें मधूनमधून बदलीत.

या पेढीची एक कथा तेथें सांगतात. एक गरीब म्हातारी, मेलेल्या नवऱ्याच्या जुन्या अंगरख्यांत सांपडलेला एक कागद घेऊन पेढीवर आली. हुंडी कित्येक वर्षांपूर्वीची, दुसऱ्या शहरांत काढलेली. कारकुनांनीं तिला हांकलून दिलें नाहीं. जुन्या वह्या काढल्या, नोंद जुळली, आणि मुद्दल व्याजासह तिच्या पदरांत घातलें. पुढें नव्या पद्धतीच्या बँका आल्या, १९११ ची राज्यक्रांति झाली, आणि या पेढ्या एकामागून एक बसल्या. रिषंगछांगचा वाडा आतां संग्रहालय म्हणून पाहावयास मिळतो. तो अवश्य पाहावा. आणि पाहतांना हें लक्षांत घ्यावें कीं, या गांवाचें वैभव सोन्यारुप्याचें नव्हतें, पतीचें होतें. तेथें जाणाऱ्या पाहुण्यानें आपलीही पत सांभाळावी, एवढेंच मला सांगावयाचें आहे. पुढचें सारें त्याचा तपशील समजा.

गांव टिकलें तें एका अर्थीं दारिद्र्यामुळें. पेढ्या बुडाल्या, मग जुनीं घरें पाडून नवीं बांधण्याइतका पैसा कोणापाशीं उरला नाहीं. १९८० नंतर पैसा येऊं लागला तेव्हां रस्ते रुंद करण्याची योजना निघाली. शांघायच्या तुंग्ची विद्यापीठांतील नगररचनेचे अध्यापक र्वान यीसान यांनीं ती थांबविण्याची खटपट केली, जुनें गांव जसेंच्या तसें ठेवून नवें गांव तटाबाहेर वसवावें अशी नवी आंखणी करून दिली, आणि ती मान्य झाली. तरीहि संकट संपलेलें नाहीं. तट वरून विटांचा दिसला तरी त्याच्या पोटांत धुमसून बसविलेली माती आहे. २०२१ च्या ऑक्टोबरांत झालेल्या अतिवृष्टींत त्याचा एक भाग ढांसळला. म्हणून तटावर फिरतांना जेथें दोरी बांधली असेल तेथून पलीकडे जाऊं नये. छायाचित्र चांगलें येईल म्हणून चर्येवर चढून बसणारे प्रवासी सर्व देशांचे असतात; आपण त्यांत भर घालूं नये.

आतां मुख्य गोष्ट. पिंगयाव हें गांव आहे, प्रदर्शन नव्हे. वारशाच्या यादींत आल्यापासून कचेऱ्या, कारखाने आणि हजारों रहिवासी तटाबाहेर हलविण्यांत आले. पण आंत अजून पुष्कळ कुटुंबें राहतात. दक्षिण रस्त्यावरील बाजाराच्या मनोऱ्यापासून दोन गल्ल्या बाजूला गेलें कीं दुकानें संपतात आणि संसार सुरू होतात. दारें बहुधा उघडीं असतात. दाराच्या आंत, अगदीं समोर, एक आडवी भिंत असते. रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर सरळ चौकांत जाऊं नये यासाठींच ती बांधलेली. त्या भिंतीला वळसा घालून आंत डोकावण्याचा मोह पुष्कळांना होतो. भिंतीपाशीं तिकिटाची खिडकी असेल तर तें संग्रहालय. वाळत घातलेले कपडे, सायकल आणि कोबीचे गड्डे असतील तर तें कोणाचें तरी घर. एवढा फरक ओळखला तरी पुष्कळ झालें. आंत बोलावलें तर जावें. उंबरठा उंच असतो. त्यावर पाय न देतां तो ओलांडून जावें. उंबरठ्यावर उभें राहूं नये हें आपल्या आजीनें आपणांस शिकविलें आहेच. चिनी आजीहि नातवंडांना तेंच शिकविते. चौकांत गेल्यावर छपराकडे पाहावें. या भागांतलीं पुष्कळ छपरें एकाच बाजूला, आंतल्या अंगणाकडे, उतरतीं असतात. पावसाचें पाणी म्हणजे लक्ष्मी, ती शेजाऱ्याच्या आवारांत कां जाऊं द्यावी, हा त्यामागचा हिशेब! घरमालकाला याविषयीं विचारलें तर तो खुलतो.

दारांवर तांबड्या कागदावर लिहिलेल्या शुभवचनांच्या पट्ट्या दिसतात. त्या नव्या वर्षाच्या. एखाद्या दारावर मात्र पांढरा कागद दिसला तर घरांत दुःख आहे असें समजून मुकाट्यानें पुढें जावें. दाराशीं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचीं छायाचित्रें न विचारतां घेणें हा तर माझ्या मतें उघड उघड असभ्यपणा आहे, मग तो पिंगयावांत होवो कीं पंढरपुरांत. कॅमेरा दाखवून डोळ्यांनीं विचारलें तरी पुरतें. बहुतेक हंसून मान डोलावतात. एखाद्यानें हात हालवून नको म्हटलें तर त्याचें ऐकावें.

प्रवासाचें थोडक्यांत सांगतों. बीजिंगहून वेगवान आगगाडीनें सुमारें चार तासांत पिंगयाव येतें. वाटेंत शिजियाझुआंग आणि तायय्वान हीं मोठीं शहरें लागतात, आणि त्या दोहोंच्या मध्यें ताय्-हांग पर्वतांतला सुमारें २८ किलोमीटरांचा बोगदा आहे. पिंगयावला स्टेशनें दोन आहेत. जुनें स्टेशन तटाजवळ. वेगवान गाड्यांचें नवें स्टेशन गांवाबाहेर कांहीं किलोमीटरांवर. तिकिट काढतांना कोणतें तें नीट पाहावें. तिकिट पासपोर्टाच्या नांवावर निघतें, म्हणून पासपोर्ट सदैव जवळ हवा. मुक्कामाच्या ठिकाणीं परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे चोवीस तासांच्या आंत करावी लागते. खानावळवाला ती स्वतः करतो. ओळखीच्या घरीं उतरलां तर मात्र ती आपण विसरूं नये. जाण्यास एप्रिल-मे किंवा सप्टेंबर चांगला. हिंवाळ्यांत पारा शून्याच्या पुष्कळ खालीं जातो. आक्टोबरचा पहिला आठवडा तेथील राष्ट्रीय सुटीचा. त्या दिवसांत गल्लींत मुंगीलाहि वाट मिळत नाहीं.

गांवांत फिरण्यास तिकिट नाहीं. तट, पेढ्या, जुनी कचेरी आणि देवळें पाहण्यासाठीं एकत्र तिकिट मिळतें. पैशाचा व्यवहार आतां सारा मोबाइलवर. भाजीवाल्याच्या हातगाडीवरहि चौकोनी खूण टांगलेली असते, तें आपल्याला नवें नाहीं. परंतु आपल्या इकडचा मोबाइलचा व्यवहार तेथें चालेल असें गृहीत धरूं नये. अलिपे किंवा वीचॅट यांपैकीं एकावर आपलें आंतरराष्ट्रीय कार्ड घरीं असतांनाच जोडून घ्यावें. तरी थोड्या लहान नोटा जवळ असाव्या. चलन युवान, बोलण्यांत त्याला 'ख्वाय' म्हणतात. गूगलचे नकाशे आणि व्हॉट्सॲप तेथील जाळ्यावर साधारणतः उघडत नाहींत. तेव्हां मुक्कामाचा पत्ता चिनी अक्षरांत कागदावर लिहून खिशांत ठेवावा. कागद कधीं बंद पडत नाहीं.

राहण्यास तटाच्या आंतला एखादा जुना चौकाचा वाडा निवडावा. तेथें 'खांग' नांवाचा विटांचा भला रुंद ओटा असतो; त्याच्या पोटांतून चुलीची ऊब खेळवीत आणि सारें घर त्यावर झोंपे. वाड्याच्या भिंती जाड, पण खिडक्यांना लांकडी जाळी आणि कागद. कित्येक ठिकाणीं आतां कांच आहे. एका चौकांत बोललेलें चारी सोप्यांत ऐकूं येतें. रात्रीं नऊनंतर अंगणांत उभें राहून मुंबईस मोठ्यानें फोन लावूं नये. मोटारी आंतल्या भागांत जात नाहींत. चाकांची बॅग दगडी फरसबंदीवरून पहांटे खडखडत ओढीत नेली तर अर्धी गल्ली जागी होते. खानावळवाल्यास आदल्या दिवशीं सांगितलें कीं तो विजेची छोटी गाडी मागवितो.

बोलतांना संबोधन जपावें. चिनी नांवांत आडनांव आधीं येतें. गाडीवान, सुतार, आचारी, कोणीहि हातांत कसब असलेला माणूस, त्याला 'शिफू' म्हणावें. मूळ अर्थ उस्ताद. प्रौढ बाईला 'आयी' म्हणावें, म्हणजे मावशी. थोडी वडील वाटली तर 'ताज्ये', म्हणजे ताई. नातें लावून हांक मारण्याची ही रीति आपल्याला इतकी घरची आहे कीं, इंग्रजी धर्तीचें 'एक्सक्यूज मी' तेथें कोणा मराठी माणसानें वापरलें तर मला नवल वाटेल. जुनीं माणसें 'जेवलांत का?' असें विचारून रामराम करतात. तें आमंत्रण नव्हे. 'जेवलों' म्हणावें आणि हंसावें. वय किती, पगार किती, मुलें किती, हे प्रश्न पहिल्या भेटींत येतात. त्यांचा राग मानूं नये, आपल्याकडे आगगाडींत हेंच चालतें. सीमेचा प्रश्न आणि राजकारण मात्र पाहुण्यानें आपण होऊन काढूं नये. त्यांनीं काढला तर ऐकून घ्यावें आणि विषय जेवणाकडे वळवावा. बोलण्यास दुसरें पुष्कळ आहे. वयस्कर मंडळींना 'आवारा' चित्रपट आठवतो, तरुणांना 'दंगल'. आणि बुद्धाचा देश म्हणून आपली ओळख तर सर्वांना आहे.

जेवणाचा विषय निघालाच आहे. शान्शी हा गव्हाचा आणि भरड धान्यांचा मुलुख. कणकेच्या गोळ्यावरून सुरीनें थेट उकळत्या पाण्यांत छिलके उडवून केलेल्या शेवया, ओटच्या पिठाच्या नळकांड्या मधाच्या पोळ्यासारख्या उभ्या रचून वाफवलेल्या, बकव्हीटच्या पिठाच्या गार वड्या, आणि या सर्वांवर काळा, मुरलेला शिरका. शान्शीचा शिरका साऱ्या चीनमध्यें नांवाजलेला आहे, आणि तो तेथें मिठासारखा प्रत्येक टेबलावर असतो. गांवाची दुसरी प्रसिद्धि गोमांसाची. ज्यांना तें वर्ज्य आहे त्यांनीं तोंड वांकडें न करतां नुसतें नको म्हणावें. शाकाहारी माणसानें एक लक्षांत ठेवावें: 'सू' हा शाकाहाराचा शब्द, पण भाजींत मांसाचा रस्सा घातला तरी ती भाजीच, असें पुष्कळ आचाऱ्यांना प्रामाणिकपणें वाटतें. म्हणून मांस नको, मासळी नको, मांसाचा रस्सा आणि चरबी नको, असें सारें चिनींत लिहवून घेऊन तो कागद दाखवावा. बौद्ध मठांतलें जेवण कांदालसणावांचूनचें असतें; जैन मंडळींना तें सोयीचें पडेल.

चॉपस्टिक भातांत उभ्या खोंचून ठेवूं नयेत. मृतासाठीं मांडलेल्या वाटींत उदबत्त्या तशा उभ्या असतात. पानावरच्या भाताला पिंडाचा आकार दिला तर आपल्याला जें वाटेल, तेंच त्यांना वाटतें. त्यांनीं वाटीवर टकटक करूं नये. ती भिकाऱ्याची खूण. यजमान आपल्या वाटींत स्वतः पदार्थ घालील, तो आग्रह समजावा. चहा दिला तर पेला कांठोकांठ भरलेला नसतो. तो कंजूषपणा नव्हे. चहा थोडा कमी भरावा हीच रीति. दारू कांठोकांठ भरतात. न पिणाऱ्यानें चहाचा पेला उचलला तरी चालतें. वडील माणसाच्या पेल्याला आपला पेला भिडवितांना आपल्या पेल्याचा कांठ त्याच्याहून किंचित् खालीं धरावा. या एका हालचालीनें मीं कपाळावरच्या आंठ्या विरलेल्या पाहिल्या आहेत. पेला, पैसे, कार्ड, भेट, कांहींहि देतां-घेतांना दोन्ही हात पुढें करावे.

कोणाच्या घरीं जाण्याचा योग आला तर रिकाम्या हातानें जाऊं नये. फळें किंवा आपल्याकडील चहा, मिठाई उत्तम. घड्याळ देऊं नये. 'घड्याळ देणें' याचा चिनी उच्चार 'शेवटचा निरोप देणें' यासारखा होतो. छत्रीहि नको, तिच्या नांवांत ताटातूट ऐकूं येते. चार नग नकोत, चार आणि मृत्यु यांचे उच्चार जवळचे. पांढरीं फुलें नकोत. यजमान भेट दोनदां नाकारील. तिसऱ्यांदा पुढें करावी. त्यानें ती आपल्यासमोर उघडली नाहीं तर ती आवडली नाहीं असें समजूं नये.

खरेदींत दक्षिण रस्त्यावर लाखेच्या रोगणाच्या पेट्या दिसतील. खऱ्या पेटीवर रोगणाचे थर एकावर एक देऊन कारागीर तळहातानें घांसून चकाकी आणतात, त्यामुळें तिची किंमत हलकी असूं शकत नाहीं. स्वस्त पेटी बहुधा छापील चित्राची. भाव करण्यास हरकत नाहीं, हंसत करावा. दुकानदार अंगठा आणि तर्जनी उघडून दाखवील तर तो आंकडा दोन नव्हे, आठ आहे. अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा. या खुणा न कळल्यामुळें किती भांडणें झालीं असतील कोण जाणे! एक पथ्य मात्र पाळावें. आपण सांगितलेला भाव दुकानदारानें कबूल केल्यावर पाय मागें घेऊं नये. ती गोष्ट हुंडी परत फिरविण्यासारखी आहे, आणि या गांवांत ती विशेष वाईट दिसते. बक्षिशी देण्याची पद्धति नाहीं. बळेंच दिली तर देणारा आणि घेणारा दोघेहि अवघडतात.

एक दिवस गांवाबाहेरच्या देवळांसाठीं ठेवावा. नैर्ऋत्येस सहा किलोमीटरांवर श्वांगलिन मठ आहे. तेथें मातीच्या दोन हजारांहून अधिक रंगीत मूर्ति आहेत. अर्हतांचे चेहरे इतके जिवंत कीं प्रत्येकाचा स्वभाव ओळखावा. दालनें अंधारीं असतात. मूर्तींवर दिवा रोखूं नये, झगझगाटाचें छायाचित्र घेऊं नये. सावकाश उभें राहिलें कीं डोळ्यांना आपोआप दिसूं लागतें. ईशान्येस सुमारें बारा किलोमीटरांवरील जंग्वो मठांतलें लांकडी दालन ९६३ सालचें आहे. हजार वर्षांचें लांकूड पाहण्याचा योग वारंवार येत नाहीं. तेथें गर्दीहि कमी असते.

परततांना महाराष्ट्रीय माणसानें शिजियाझुआंगला एक दिवस थांबावें. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकांतून चीनमध्यें गेले, आणि जपानशीं चाललेल्या युद्धांत जखमींची शुश्रूषा करीत ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच वारले. वय अवघें बत्तीस. शांतारामबापूंनीं १९४६ सालीं काढलेला चित्रपट आपल्या वडील पिढीनें पाहिला. त्यांची समाधि मात्र फारच थोड्यांनीं पाहिली आहे. ती शिजियाझुआंगच्या हुतात्म्यांच्या स्मारकोद्यानांत आहे. टॅक्सीवाल्याला 'कोटणीस' म्हटलेलें कळणार नाहीं. 'क दीह्वा' हें त्यांचें चिनी नांव सांगावें, किंवा चिनी अक्षरांत लिहून दाखवावें. कोणाच्या घरीं नेऊं नयेत म्हणून मघाशीं सांगितलेलीं पांढरीं फुलें येथें योग्य, शेवंतीचीं घ्यावीं. उद्यानाच्या दाराशीं फुलवाला असेलच असा भरंवसा धरूं नये. तीं शहरांतूनच घेऊन निघावें.